सहकार्य करावे

तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा साहेब दाढी करत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना साहेबच म्हणत. जो म्हणत नसे, त्याच्याकडे ते ढुंकून बघत नसत.

"अहो, निम्मा जिना पाण्यात गेला," बायको धापा टाकत म्हणाली. "फोनही बंद पडलाय. गच्चीत जाऊन ओरडू या."

"मी ओरडू?" साहेबांनी गालावरचा फेस पुसला. "काही रीतभात आहे की नाही?"

रीतभात म्हणजे पांढरी चादर आणि काळं बूटपॉलिश. बायकोनं 'वाचवा' लिहायला घेतलं, तर साहेबांनी ब्रश काढून घेतला. 'वाचवा' फारच उघडंवाघडं वाटत होतं आणि 'मदत' लाचार. शेवटी 'सहकार्य करावे' हा मजकूर त्यांनी स्वतःच सुचवून स्वतःच मंजूर केला. 'सहकार्य' असं काही ठसठशीत उमटलं की डबी तिथंच संपली.

"आणि करावे?"

"समजणाऱ्याला समजतं."

कठड्यावरून चादर सोडली आणि खरंच बोट आली. साहेब कोट घालून तयार होते. बोटीतून दोन म्हाताऱ्या उतरल्या, मग इस्त्रीवाला, त्याची बायको-पोरं आणि एक भिजलेली शेळी.

"हे काय चाललंय?"

"तुम्हीच चादर लावलीत की," नावाडी म्हणाला. "बाकी सगळे वाचवा वाचवा करतायत. सहकार्य करणारं हे एकच घर."

आम्हालाच न्यायचं होतं, हे साहेबांच्या अगदी ओठांवर आलं. पण इस्त्रीवाला बघत होता.

"योग्य केलंत," ते म्हणाले.

पुढच्या फेऱ्यांत आणखी माणसं आली. गच्ची भरली, खोल्या भरल्या. बायकोनं घरात होतं नव्हतं ते शिजवून घातलं. शेळी आरामखुर्चीत बसली आणि साहेब जिन्यात उभे राहिले. पाणी वरच्या उंबऱ्याला टेकायला आलं, तेव्हा कुठे मोठी बोट आली.

"इथले केंद्रप्रमुख कोण?" बोटीवरच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

किती वर्षांनी कुणी पद विचारत होतं. साहेबांचा हात आपोआप वर गेला.

"मी."

"छान. प्रमुखांनी शेवटी निघायचं असतं. आता जागा संपेल, तुम्ही गच्चीत थांबा. सकाळची पहिली बोट तुमची."

एकेक करून सगळे बसले. शेळीही बसली. बायको पदर खोचून बोटीत उतरली.

"अगं, तू कुठे निघालीस?"

"मला कुठे पद आहे?" ती म्हणाली आणि शेळीला जरा सरकवून बसली.