तपासल्याची सही

आमच्या समोरच्या दाराला रोज संध्याकाळी दुधाची पिशवी लटकते आणि तिला एक चिठ्ठी लावलेली असते. 'उद्या अर्धा लिटर.' एवढ्या तीन शब्दांसाठी कागदाला चारी बाजूंनी समास आखलेला, अक्षरं छापल्यासारखी, आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात पट्टीने काढलेली बोटभर चौकट. चौकटीत दोन ओळी. वरची : 'रेखांकन – व. गु.' खालची : 'तपासले –' आणि पुढे काहीच नाही.

दूधवाल्याने एकदा मला विचारलं होतं, "साहेब, हे तपासायचं मी असतं का?"

व. गु. म्हणजे वसंत गुप्ते. आमचे शेजारी गुप्तेकाका. ज्या सरकारी ऑफिसाने नवीन पनवेलचे सेक्टर आखले, तिथे ते ड्राफ्ट्समन होते. टी-स्क्वेअर, शाईची पेनं, नकाशांच्या प्रतींना येणारा अमोनियाचा वास, या सगळ्यात त्यांची हयात गेली. सुलभाकाकू त्याच ऑफिसात. काकांनी काढायचं आणि काकूंनी तपासायचं. निवृत्तीनंतरही घरात हीच पद्धत राहिली. वाणसामानाची यादीसुद्धा काका काढत आणि काकू तपासून सही करत. काकू गेल्या, तेव्हापासून खालची ओळ रिकामी आहे.

मी नीताशी लग्न करून इथे राहायला आलो, तेव्हा नवीन पनवेल म्हणजे मुरूम, चार इमारती आणि रात्रभर बेडूक. चुकून दुसऱ्याच इमारतीत शिरून मी एकदा परक्या घरची बेल दाबली होती, आणि दार उघडणाऱ्या बाईंना "आज उशीर झाला गं" असंही म्हणून झालं होतं. त्या काळात काकांनी मला अख्खं गाव फिरवून दाखवलं. "मोहनराव, इथे बाग येणार. इथे शाळा." मला दिसायचं नुसतं गवत. त्यांना सगळं दिसायचं, कारण त्यांनी ते आधीच काढलेलं होतं. आज बाग आहे, शाळा आहे, गाड्या लावायला जागा नाही. "गाड्या आम्ही काढल्या नव्हत्या," काका म्हणतात.

फक्त एका बाबतीत ते बोलत नसत. आमच्या इमारतीमागचा रस्ता सरळ जाता जाता एके ठिकाणी उगाचच डावीकडे झुकतो. तिथे विहीर नाही, देऊळ नाही, झाड नाही. कुणी म्हणतं खाली पाइप आहे, कुणी म्हणतं एखाद्या बड्या जमीनवाल्याची करामत. त्या वळणाने जो कोपरा झालाय, तिथे हिराबाई मासळीची टोपली घेऊन बसते. काका रोज संध्याकाळी तिथे जाऊन पाच मिनिटं उभे राहतात.

"काका, ह्यो रस्ता वाकडा कुनी केला हो?" हिराबाई विचारते. "त्याचं भलं होवो. माजी टोपली बसाया बरी जागा हाय."

"बोंबील ताजे आहेत का?" काका म्हणतात.

असे हे काका आमच्या गौरीच्या शिक्षणात शिरले, ते जर्नलमुळे.

गौरीने कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला, तोही दुहेरी पदवीच्या योजनेत. पहिली दोन वर्षं इथे पनवेलला, पुढची दोन परदेशातल्या विद्यापीठात, आणि शेवटी दोन्हीकडच्या पदव्या. मला एका पदवीला पाच वर्षं लागली होती. हिला चार वर्षांत दोन. हिशेब ऐकून मी विषय बदलला. पण खरी गंमत पुढेच. कॉम्प्युटर शिकणाऱ्या या पोरांना प्रत्येक प्रोग्रॅम हाताने जर्नलमध्ये लिहावा लागतो! वर त्याचा फ्लोचार्ट, म्हणजे प्रोग्रॅम कुठून निघाला, कुठे वळला आणि कुठे पोचला त्याचा नकाशा, तोही पेनाने.

हे कळल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी काकू गेल्यानंतर प्रथमच पाहिलं. "म्हणजे अजून हात लागतो तर!"

गौरीचा पहिला फ्लोचार्ट त्यांनी हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "गौराबाई, ही सुरुवात आहे की बटाटा?"

"काका, ओव्हल आहे तो!"

"आणि ही शंकरपाळी अशी कलंडली का?" शंकरपाळी म्हणजे तो प्रश्न विचारणारा चौकोन, ज्यातून 'हो'चा एक बाण निघतो आणि 'नाही'चा दुसरा. "आणि हा बाण? हा निघालाय कुठे? बाण निघाला की पोचला पाहिजे. लोंबता बाण आपल्याला चालत नाही."

पहिला फ्लोचार्ट त्यांनी 'नमुन्यादाखल' काढून दिला. दुसरा, गौरीची परीक्षा होती म्हणून. तिसऱ्यापासून कारण द्यायची गरज उरली नाही. गौरी प्रोग्रॅम लिहायची, काका समोरच्या घरात रात्रभर दिवा लावून बाण काढायचे. आम्हाला वाटलं, एखादी शेजारीण दारात रांगोळी काढून देते, तसंच हे. नीता तर चारचौघांत जर्नल दाखवायची.

काकांना मग फ्लोचार्टचं वेडच लागलं. सोसायटीच्या पंपाशेजारी त्यांनी एक चिकटवला : 'टाकी भरली का? नाही – थांबा. हो – पंप बंद करा.' वॉचमन इतका मन लावून तो वाचत बसला की टाकी वाहून गेली. नीताच्या आमटीचाही एक काढला. त्यात शंकरपाळी होती : 'गूळ पुरेसा आहे का?' 'नाही'चा बाण डब्याकडे जाऊन परत आमटीत येत होता. 'हो'चा बाण 'मोहनरावांना विचारा' या चौकटीत जात होता. माझ्या मताला आमच्या घरात आजवर मिळालेलं ते एकमेव स्थान. प्रत्येकाच्या कोपऱ्यात चौकट, आणि 'तपासले' रिकामं. गौरीच्या जर्नलमध्ये मात्र त्यांनी चौकट काढली नव्हती. "ते तिचं आहे," म्हणाले.

तिथेच घोटाळा झाला.

दुसरं वर्ष संपत आलं. परदेशातल्या विद्यापीठाने इथले विषय मान्य करण्यासाठी जर्नलचे फोटो मागवले. आठ दिवसांनी तिथल्या प्राध्यापिकेचं पत्र आलं. अत्यंत सभ्य भाषेत. अक्षर एका हाताचं आणि आकृत्या दुसऱ्या हाताच्या दिसतात, खुलासा करावा. तोवर ते दोन विषय धरता येणार नाहीत. ते विषय धरले नाहीत, तर गौरीचं जाणंच रद्द.

"बाबा, तुम्ही तरी थांबवायचं ना!" गौरी रडत ओरडली. मी तर ते जर्नल ऑफिसात नेऊन दाखवलं होतं.

आमची दारं समोरासमोर. काकांना सगळं ऐकू गेलं असणार. दहा मिनिटांत ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून, पेन खिशाला लावून. "लिही गौराबाई. आकृत्या वसंत गुप्ते यांनी काढल्या. वय लिही. चूक त्यांची, हेही लिही."

"चूक माझी पण आहे, काका."

"मग दोन्ही लिही. पण खरं लिही."

तिने खरं लिहिलं. उत्तर आलं : त्रेचाळीस फ्लोचार्ट दहा दिवसांत स्वतःच्या हाताने काढून पाठवावेत. कोणी तपासून दिले तर हरकत नाही, मात्र त्या व्यक्तीचं नाव तिथे स्पष्ट लिहावं.

दहा दिवस आमचं जेवणाचं टेबल ड्रॉइंग बोर्ड झालं आणि आम्ही जमिनीवर जेवलो. काकांनी आपली जपून ठेवलेली पेनं गौरीला दिली. स्वतः समोरच्या खुर्चीत बसले, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून.

"काका, हात का असे?"

"सवय वाईट आहे त्यांना. सुटले की काढायला लागतील."

नीता चहा द्यायला जायची, तेव्हा काकांना स्वतःच्या हाताने कप घेता यायचा नाही, मुंग्या आलेल्या असायच्या. बोलणं मात्र अखंड. "पेन ओढ, ढकलू नकोस. श्वास रेघ संपल्यावर घे. पुन्हा. पुन्हा काढ. केसभर खाली आलीय." केसभर चुकीसाठी त्यांनी तिला एकेक आकृती चार चार वेळा काढायला लावली.

चौथ्या दिवशी गौरी अंघोळीला गेली असताना नीता हळूच म्हणाली, "काका, नाही जमलं तर नाही. इथेच शिकेल, त्यात काय एवढं?"

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, कारण माझ्याही मनात नेमकं तेच होतं. गेली दोन वर्षं संध्याकाळी काकांच्या दारावर टकटक करणारं गौरीशिवाय कोणीच नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"असं वाटतंय ना?" ते म्हणाले. "मलाही वाटतं. म्हणून तर जास्त नीट काढायला हवं."

दहाव्या दिवशी दुपारी त्रेचाळिसावी आकृती. गौरीने शेवटची रेघ ओढायला घेतली आणि मध्येच मान वर करून म्हणाली, "काका, तिकडे माझ्या रेघा कोण बघणार?"

पेन हललं. शंकरपाळीतून निघालेली सरळ रेघ मध्येच डावीकडे झुकली. मला, ज्याचं अक्षर पाहून डॉक्टरांनी 'आपण कुठल्या हॉस्पिटलात?' असं विचारलं होतं, त्या मलाही ती वाकडी रेघ स्पष्ट दिसली. गौरीला मात्र दिसली नाही. तिचे डोळे भरले होते. तिने कोपऱ्यात चौकट काढली. 'रेखांकन – गौरी.' मग कागद काकांकडे सरकवला आणि तोंड धुवायला गेली.

काकांनी मांडीखालून हात काढले. कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला. मग पेन उचलून 'तपासले'पुढे लिहिलं : वसंत गुप्ते. पूर्ण नाव.

"काका," मी हळू आवाजात म्हटलं, "ती रेघ…"

"दिसली मला." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सुलभालाही दिसली होती."

मला काही कळेना.

"आपल्या मागचा रस्ता. सुलभाचा ऑफिसातला पहिला आठवडा होता. ती समोरच्या टेबलावर येऊन बसली आणि माझं पेन हललं. कागदावर दोन मिलिमीटर. जमिनीवर दोन मीटर. मी मुद्दाम तसंच तपासायला पाठवलं. म्हटलं, बघू सापडतंय का. तिने लाल पेन्सिल उचलली. रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल खाली ठेवली आणि सही केली." ते हसले. "लग्नानंतर किती वेळा विचारलं. शेवटपर्यंत म्हणायची, कुठली रेघ? मला तर सरळच दिसली."

बाथरूममधून गौरी बाहेर आली. "बरोबर आहे ना, काका?"

"पाठव," काका म्हणाले.

विषय मान्य झाले. गौरी गेली. काकांची पेनं तिने सोबत नेली. विमानतळावर जाताना गाडी मागच्या रस्त्याने काढायला लावली तिने. त्या वळणावर काका उभे होते, हात पाठीमागे बांधून.

नंतर महिनाभर त्यांच्या दाराला चिठ्ठी दिसली नाही. दूधवाला आपल्या मनाने अर्धा लिटर ठेवून जायचा.

मग गेल्या रविवारी बेल वाजली. काका दारात, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात एक कागद. "मोहनराव, जरा तपासून देता?"

"मी? काका, माझं अक्षर…"

"अक्षर नको. नजर हवी. आणि घाईने सही करू नका, नीट बघा."

मी नीट बघितलं. गौरीला फोन करण्याचा फ्लोचार्ट होता. 'तिकडे सकाळ झाली का?' 'तिचा तास चालू आहे का?' प्रत्येक शंकरपाळी सुबक, प्रत्येक बाण योग्य जागी पोचलेला. शेवटची शंकरपाळी होती : 'फोन उचलला का?' तिच्यातून 'हो'चा बाण निघून 'बोला'पाशी जात होता. 'नाही'चा बाण निघाला होता, सरळ कागदाच्या कडेपर्यंत आला होता, आणि तिथेच लोंबत होता.

काका माझ्याकडे पाहत होते.

मी त्यांच्याच खिशातल्या पेनाने, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात, 'तपासले'पुढे सही केली.