दारातले पांढरे शर्ट

पूर्णिमाला अमेरिकेत दोन नोकऱ्या चालून आल्या. एक सॉल्ट लेक सिटीत होती, डोंगरांच्या कुशीत, तिला मनापासून हवी असलेली. दुसरी पिट्सबर्गला. तिचे वडील हंबीरराव यांचा उद्यमनगरात लोखंड कातायच्या लेथचा कारखाना होता. तिथं आलेलं एक गिऱ्हाईक सहज सांगून गेलं, की सॉल्ट लेकला ख्रिश्चनांतल्या मॉर्मन पंथाची माणसं फार. त्यांची तरुण पोरं पांढरा शर्ट, काळा टाय घालून, छातीवर नावाची काळी पट्टी लावून जोडीजोडीनं हिंडतात. दार वाजवतात, गोड हसतात आणि आपल्या पंथात यायचं आमंत्रण देतात.

"गोड हसत्यात?" हंबीररावांनी लेथ बंद केलं. अंगावर येणाऱ्या माणसाला कसं उलटवायचं हे त्यांना ठाऊक होतं. गोड हसणाऱ्याचं काय करायचं, हे मात्र उद्यमनगरात कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी बादशहाला हाक मारली. बादशहा त्यांच्या घराशेजारी राहायचा आणि कारखान्याशेजारी वेल्डिंग करायचा. त्यामुळं त्याची दिवसभर सुटका नव्हती.

"मोबाईलला विचार, ही माणसं मोठ्या शहरांत सगळ्यात कमी कुठं हायत?"

बादशहानं बराच वेळ बोट फिरवलं. "हितं एक गाव लिवलंय, तितं दुसरंच. पण पिट्सबर्गात बी लै कमी दिसत्यात बघा, दादा."

"ते लोखंडाचं गाव न्हवं? ठरलं तर मग."

पूर्णिमा रडली, भांडली आणि शेवटी पिट्सबर्गला गेली. जाताना म्हणाली, "तुमाला झोप लागावी म्हणून जातीया, पप्पा." हंबीररावांना खरंच छान झोप लागू लागली. ती थंडी पडेपर्यंतच टिकली.

त्या दिवशी उजाडता उजाडता बाहेर इतकं धुकं होतं, की समोरच्या गल्लीतला खांब दिसत नव्हता. तिकडं रात्रीच्या जेवणाची वेळ. पूर्णिमा फोनवर भाजीचं सांगत होती. तिच्या पाठीमागं जुन्या विटांच्या घराचा लांबलचक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला दार. दार सताड उघडं होतं.

"एवढ्या थंडीत दार का उघडं टाकलंयस?"

"वारं यायला, पप्पा," ती घाईनं म्हणाली.

तेवढ्यात त्या दारात काहीतरी पांढरं हललं. हंबीररावांनी फोन डोळ्यांजवळ नेला. पांढरा शर्ट, मधोमध काळी रेघ. चेहरा अंधारात.

"कोन गं त्ये मागं?"

पूर्णिमानं वळूनही बघितलं नाही. "कोन न्हाय. मी एकटीच हाय की."

न वळता तिला कसं कळलं? हंबीररावांच्या हातातला चहा निवून गेला.

पुढच्या वेळी ते दोन होते. खांद्याला खांदा लावून, हात पुढं बांधून, उंबऱ्याच्या पलीकडं. आत येत नव्हते, जात नव्हते, हलतही नव्हते. नुसते हसत होते. हंबीररावांनी बायकोला, संयोगिताबाईंना, हाक मारली. त्या चष्मा शोधून येईपर्यंत बोळ रिकामा. दार तेवढं उघडंच.

"दोगं हुतं, संयोगिता. अंबाबाईची आण."

"अवो, तितं ती माणसंच न्हाईत म्हणून धाडली न्हवं तिला?"

"त्येच म्हणतोय मी. माणसं न्हाईत, तर मग ही कोन?"

हा प्रश्न पडल्यावर संयोगिताबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि देवापुढं दिवा लावला.

हंबीररावांचं कामातलं लक्ष उडालं. रंकाळा तलावावर फिरायला गेले, तर धुक्यातून दोन पांढरे शर्ट समोरून येताना दिसले. ते एका हॉटेलातले वाढपी निघाले, पण तोवर हंबीरराव पळत सुटले होते आणि पळणाऱ्या मालकाला बघून ओळखीचे दोघं-तिघं कुत्रं मागं लागलंय असं समजून त्यांच्या पुढं पळाले होते. कारखान्यात त्यांनी बादशहालाही पांढरा शर्ट घालायची बंदी केली.

शेवटी संयोगिताबाईंनी ठरवलं. "पोरीला नजर लागलीया. फोनवरनं दृष्ट काडूया."

दुसऱ्या दिवशी पहाटे परसात शेगडी पेटली. हंबीररावांच्या कपाळावर अंगारा, डोक्यावर घट्ट गुंडाळलेला टॉवेल, हातात फोन. फोनमध्ये पूर्णिमा. तिला काही सांगितलेलं नव्हतं. नुकत्याच न्हालेल्या संयोगिताबाईंनी मोकळ्या केसांनी मीठ-मोहरी आणि मूठभर मिरच्या फोनवरून ओवाळल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या.

धूर उठला. पण ठसका आला नाही.

मिरच्या तडतडून जळतायत आणि ठसका नाही, म्हणजे नजर किती वाईट असेल! हंबीररावांनी फोनकडं बघितलं. मागच्या दारात ते दोघं उभे होते, आणि आज पहिल्यांदाच त्यांनी माना लांबवून, हसत, थेट हंबीररावांकडं बघितलं.

फोन बोटांतून घसरू लागला. "आई, फो...!" पूर्णिमा किंचाळली. हंबीररावांच्या हातातून फोन निसटला तो सरळ पाण्याच्या बादलीत. बुडबुडे आले. किंकाळी तुटली.

"बादशहाऽऽ!"

बादशहा लुंगी सावरत भिंतीवरूनच उतरला. त्याच्या फोनवरून त्यांनी पूर्णिमाला पुन्हा फोन लावला. कितीतरी वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला. पडदा उजळला आणि त्यात एक गोरा, पोरसवदा चेहरा दाटून भरला. पांढरी कॉलर. काळा टाय. तो हसला आणि सावकाश, एकेक शब्द चाचपत म्हणाला,

"नमस्कार, पावणं. जेवलासा काय?"

तिघांनाही त्याच क्षणी जोराचा ठसका लागला.

"पोर कुटं हाय माजी?" खोकत खोकत हंबीरराव गरजले.

"लै भारी," पोरगा घाबरून म्हणाला. त्याच्याजवळचं मराठी संपलं होतं.

मग धावत पूर्णिमा आली. आई-बापाचा फोन असा तुटला, परत लागेना, म्हणून घाबरून ती खाली घरमालकिणीला बोलवायला गेली होती. फोन दाराजवळच्या खुर्चीवर राहिला होता. बापाचा अवतार बघून ती मटकन त्या खुर्चीवर बसली.

"पप्पा, हे दोगं मॉर्मनच हायत. तुमी भ्याल म्हणून न्हाय सांगितलं. सामान वर चडवायला दुसरं कुणीसुदिक आलं न्हाय, हेच आलं. मग मी जेवण द्याया लागली."

"मग आत येत का न्हाईत? भुतागत दारात का उभं ऱ्हात्यात?"

"त्यांचा नेम हाय. एकट्या बाईच्या घरात पाय टाकायचा न्हाय. डबा भरस्तवर उंबऱ्याभाईर थांबत्यात. म्हणून दार उघडं."

हंबीरराव फोनजवळ सरकले. "आनि... पंथाचं काय?"

"इचारलं हुतं एकदा. मी न्हाय म्हटलं. तवापास्नं फकस्त रश्श्याचं इचारत्यात. ह्या गावात त्यांना कुणी दार उघडत न्हाय, पप्पा. मलाबी कोन हुतं हितं?"

तेवढ्यात त्या पोराच्या खिशातला फोन वाजला. पूर्णिमाचा चेहरा पडला. "त्याची आई. ती बी रोज घोर लावून बसलीया. पोरगं कुणा परक्या मुलीच्या दारात जातंय, तांबडं कायतरी खाऊन डोळं लाल करून येतंय, तोंडानं भलतंच बोलाय लागलंय. आपण त्याला आपल्या धर्मात वडतोय असं वाटतंय तिला."

पोरानं भाबडेपणानं आपला फोन पूर्णिमाच्या फोनसमोर धरला, म्हणजे दोन्ही घरांची ओळख होईल. चष्मा लावलेली एक गोरी बाई पडद्यावर आली. तिनं बघितलं. राखेनं माखलेलं कपाळ, लालबुंद डोळे, डोक्यावर टॉवेल, मागं धुराचे लोट.

बाईनं अशी किंकाळी फोडली, की बादशहाच्या हातून त्याचाही फोन बादलीत जाता जाता राहिला.

हंबीररावांनी चटकन टॉवेल काढला, कपाळ पुसलं, राख आणखीच पसरली. मग दोन्ही हात जोडले आणि आयुष्यात कधी जमलं नव्हतं इतकं गोड हसले. बाई आणखी मागं सरकली. छातीवर हात ठेवून तिनं काहीतरी विचारलं.

"काय म्हणतीया?"

"म्हणतीया, तुमच्या मागं धुरात केस सोडून कोन उभं हाय?"

हंबीररावांनी वळून बघितलं. संयोगिताबाई अजून मुठीत मीठ धरून, डोळे पुसत, पडद्यावरच्या लेकीकडं टक लावून उभ्या होत्या.

"कोन म्हंजे?" ते म्हणाले. "आई हाय म्हणावं. तिच्यासारकीच."

पूर्णिमानं इंग्रजीत सांगितलं. मग त्या बाईनं चष्मा काढला, डोळे पुसले आणि खुर्ची ओढून बसली.