वरच्या गॅलरीतली जास्वंद

कर्वेनगरातल्या नामवंत माणसांची यादी केली, तर तिच्यात माझं नाव पहिलं येईल. यादी मात्र मलाच करावी लागेल, कारण पुण्यात दुसऱ्याचं नाव पहिलं लिहायची पद्धत नाही. मी श्यामसुंदर खरवंडीकर, खाजगी गुप्तहेर. तीक्ष्ण नजर, तल्लख बुद्धी आणि कारखान्याने मला आग्रहाने स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावल्यापासून भरपूर वेळ. देशात उदारीकरण आलं तेव्हा जो तो म्हणत होता की, आता भवितव्य खाजगी क्षेत्राला. गुप्तहेराइतकं खाजगी क्षेत्र दुसरं कुठलं? मी लगेच दारावर पाटी लावली : ‘रहस्ये उलगडून मिळतील. दुपारी एक ते चार या वेळेत रहस्य घडल्यास चारनंतर यावे.’

माझी पत्नी पद्मजा या व्यवसायाकडे आदराने बघते, असा माझा समज आहे. “आज चष्मा सापडला का?” एवढंच ती रोज सकाळी विचारते.

त्या दिवशी दिवेलागणीला बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची उत्कर्षा उभी होती, नुकतीच झोपून उठलेली. ही मुलगी मूळची वाशिमची. हिंजवडीच्या एका कंपनीत बसून ती अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेचे कॉम्प्युटर सांभाळते. अमेरिका जागी असताना जागायचं, म्हणजे आपल्याकडची रात्र. कंपनीची क्वालिस तिला जेवणाच्या सुमारास घेऊन जाते आणि उजाडायच्या आत आणून सोडते. मग जाड काळे पडदे ओढून ती दिवसभर झोपते. सुट्टीच्या दिवशीही झोप काही वळत नाही.

“काका, माझी जास्वंद कोणीतरी चोरतंय,” ती म्हणाली.

“झाड?”

“नाही हो, फुलं. आईने अंगणातल्या जास्वंदीची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. कुंडीत लावली, मस्त रुजली. रोज संध्याकाळी कळी दिसते. फूल मात्र मी अजून एकदाही बघितलं नाही.”

“एका फुलासाठी गुप्तहेर?” मी भुवई उंचावली. ही भुवई मी आरशासमोर तयार केली आहे.

“आई म्हणाली होती, पुण्यात माझी जास्वंद फुलली तर तू खुशाल तिथे राहा. नाही फुलली तर मी येऊन तुला घेऊन जाईन. ती रविवारी येतेय. तिकडे एक लेक्चरर बघून ठेवलाय.”

“वाईट आहे का?”

“चांगला आहे, तेच तर टेन्शन आहे.” तिचे डोळे भरून आले. “काका, मला इथेच राहायचंय. माझं काम मला खरंच आवडतं.”

मला मुलगी नाही. असती तर ती दिवसा झोपली असती की रात्री, हे मला माहीत नाही, पण रडलेली मला चालली नसती. मी तिला शब्द दिला.

टॉर्च घेऊन आम्ही तिच्या गॅलरीत गेलो. उन्हाच्या ओढीने झाडाने फांद्या कठड्याबाहेर टाकल्या होत्या. एका फांदीवर पीळ घातलेली लांबट लाल कळी होती.

“ही उद्या सकाळी उमलणार,” मी जाहीर केलं.

“कालची पण अशीच होती. आज ती जागेवर नाहीये.”

“म्हणजे उमलायच्या आतच चोर नेतो!” मी म्हणालो. तिने माझ्याकडे इतक्या विश्वासाने पाहिलं की, मलाही माझा विश्वास वाटू लागला.

तेवढ्यात देठावर पांढरी पूड दिसली. अमली पदार्थांचे धागेदोरे थेट कर्वेनगरात! मुरलेले गुप्तहेर करतात तसं मी ती बोटावर घेऊन चाखली. चव चिकट होती आणि ती बराच वेळ गेली नाही. हे प्रकरण अत्यंत गोपनीय ठेवायचं, पद्मजालाही सांगायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

माझा पहिला संशय संभाजीरावांवर. हे समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त गृहस्थ रोज सकाळी फिरायला जातात, हातात आकडी लावलेली काठी आणि प्लॅस्टिकची पिशवी. लोकांच्या कुंपणावरची फुलं आकडीने ओढून ते आपल्या गणपतीला वाहतात. देवासाठी घेतलेलं फूल चोरीत मोडत नाही, या मतावर आख्खी कॉलनी त्यांच्या बाजूने आहे, कारण आख्ख्या कॉलनीकडे पिशव्या आहेत. मी त्यांना फाटकातच अडवलं आणि आकडी जप्त केली.

“आकडी दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचते का, ते आधी बघा,” ते म्हणाले. “बुद्धी पोचत नाही, ते दिसलंच.”

आकडी जप्त करूनही दुसऱ्या दिवशी कळी गेलीच. मग मी सायबर कॅफेत जाऊन जास्वंदीची पार्श्वभूमी काढली, आणि हादरलो. शास्त्रीय नावात सरळसरळ चीन! मलेशियाने तर तिला राष्ट्रीय फूल करून टाकलेलं. आणि एवढं असून ही मूळची नक्की कुठली, ते कोणालाच सांगता येत नाही, कारण रानात आपणहोऊन वाढलेली ती म्हणे कुठे सापडतच नाही. म्हणजे कायमचा पत्ता नाही! अशा व्यक्तीला कोणी भाड्यानेही ठेवून घेत नाही. चीन आपला माल परत नेतोय, हे मला स्वच्छ दिसलं.

याच सुमारास माझं स्वतःचं एक प्रकरण चालू होतं. कोणीतरी रोज माझ्या गॅलरीत एक काळपट लाल, ओलसर, बुळबुळीत सुरळी टाकत होतं. पान खाणाऱ्या एखाद्या टोळीचा हा इशारा असावा. पद्मजा झाडायला येण्याआधी मी ती सुरळी उचलायचो, डब्यात घालायचो आणि डबा वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचो. एकाच वेळी दोन प्रकरणं हाताळणारा गुप्तहेर कर्वेनगरात दुसरा नाही.

रविवार उजाडला. नवी सुरळी उचलायला मी गॅलरीत वाकलो होतो, तोच वर कुंडी सरकल्याचा आवाज झाला. पुरावा नेहमी जमिनीवर असतो, म्हणून गुप्तहेर सहसा वर बघत नाही. त्या दिवशी मी बघितलं. उन्हात झाडाला दोन अनोळखी हात लागले होते! मी होतो तसा, बनियनवर, वर धावलो. दार उघडंच होतं.

“खबरदार! जागच्या हलू नका!”

“काय झालं जी भाऊ?” डोक्यावर पदर घेतलेली एक बाई वळली. “कायले वरडून राह्यले? पोरगी दार उघडून पुन्हा झोपली हाय.”

“आपण कोण?”

“मुक्ताई. उत्कर्षाची माय. आत्ताच उतरले ट्रॅव्हल्समधून.”

मी आवाज खाली आणला. “बाई, आपल्या मुलीची फुलं चोरीला जातात. यात चीनचा हात...”

ती बाजूला झाली. तिच्यामागे फूल होतं. तळहाताएवढं, पाचही पाकळ्या मागे टाकलेल्या, मधून परागांनी भरलेला दांडा डौलात बाहेर आलेला, आणि लाल असं की सकाळचं ऊन त्यातून गाळून येत होतं. चीनचं वाक्य मी अर्धंच सोडलं. व्यवसायात आल्यापासून ही पहिलीच वेळ.

“हे... आजच फुललं?”

“रोजच फुलत असन. सकाळी उमलते, दिवस बुडाला का मिटते, मंग गळून पडते. एका दिवसाचं तर फूल राह्यते ते.” तिने देठ पुसला. “अन् हे पांढरं म्हंजे पिठ्या ढेकूण. हात धुवा बरं लावला असन तर.”

हात लावून मी थांबलो नव्हतो, हे मी सांगितलं नाही.

जास्वंद मी जन्मभर पाहिली, पण दाराच्या कडीला अडकवलेल्या फुलपुडीत. संध्याकाळी झाडावर तिचं काय होतं, हे पुडीत कळत नाही. आणि उत्कर्षाचं बालपण अंगणाकडे पाठ करून गणितं सोडवण्यात गेलेलं. टॉर्चच्या उजेडात मिटलेल्या फुलाला आम्ही दोघं कळी समजत होतो.

तेवढ्यात माझा शर्ट आणि फ्रिजमधला डबा घेऊन पद्मजा वर आली. “आज फूल मोठं आलंय हं,” ती सहज म्हणाली. “रोज बघते मी, कपडे वाळत घालताना.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही गोपनीयता पाळत होता ना? तुम्हाला त्रास नको म्हटलं.”

मुक्ताईंनी डबा उघडला. “हे तर याचीच गळलेली फुलं हायेत. तेल करता काय डोक्याले लावाले?”

“डोक्याच्या आत लागेल असं काही असलं तर सांगा,” पद्मजा म्हणाली.

मग मुक्ताईंनी पडदे बाजूला सारले आणि लेकीला उठवलं. उत्कर्षा डोळे चोळत आली, कुंडीपाशी थबकली आणि जमिनीवरच बसली. फुलाला हात लावायचाही तिला धीर होईना. “हे माझं आहे?” म्हणाली आणि रडायला लागली. मी पद्मजाच्या हातातला शर्ट घेतला आणि आधी त्यानेच डोळे पुसले.

मुक्ताई तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघत राहिल्या. “मी म्हटलं होतं, झाड फुललं तर राह्य. फुललं. राह्य मंग.” तिच्या केसांवरून हात फिरवून त्या हळूच म्हणाल्या, “पण पोरी, हे दिवसाचं अन् तू रातची. तुमची भेट कधी व्हायची वं?”

 

पद्मजाने डबा नळाखाली धरला. “सकाळी उमललेलं फूल तोडून फ्रिजमध्ये ठेवलं, तर संध्याकाळीही उघडं राहतं,” ती म्हणाली. “जागा आहे आता फ्रिजमध्ये. पुरावे संपलेत.”

तेव्हापासून रोज सकाळी मी गॅलरीत मान वर करून उभा असतो, कठड्याबाहेरच्या फांदीवरचं फूल ओढतो आणि डब्यात घालतो. दिवेलागणीला उत्कर्षा खाली येते, डबा उघडते आणि फूल समोर ठेवून आमच्याकडे चहा घेते. वाशिमला फोन लावून आईला सांगते की, आज केवढं होतं.

परवा संभाजीराव रस्त्यातून ओरडले, “काय खरवंडीकर, सापडला वाटतं चोर! माझी आकडी तेवढी परत द्या.”

आकडी मी दिलेली नाही. एक तर ती पुरावा आहे, आणि दुसरं म्हणजे तिच्याशिवाय माझा हात तिथवर पोचत नाही.