रकाना सातवा : स्वहस्ते

"कालचंच पॉलिश हाय टेबलाले, आन् हे कोनं ठेवलं इथं?" तपासणी कचेरीचा शिपाई नत्थुजी पुटपुटला. पुटपुटला तो देवमनच्या कानापासून वीतभर अंतरावर. ऐकू यावं इतक्या जवळून, आणि तक्रार करता येऊ नये इतक्या हळू.

देवमनने आपली पेटी उचलून फरशीवर ठेवली. टेबलावर मोर्शीच्या एका संत्राबागाईतदाराचा तेलकट पंप आधीपासून बसलेला होता. पंपाबद्दल पॉलिशची काही तक्रार नव्हती.

साल एकसष्ट, महिना वैशाखाचा. देवमन अमरावतीच्या तारघरात तारबाबू होता आणि राजापेठेतल्या दीड खोलीत त्याने हौसेने बिनतारी संदेशाचं यंत्र बसवलं होतं. त्याचं दिल्लीचं लायसन रीतसर भिंतीवर होतं. पेटी मात्र त्याची स्वतःची करणी. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, बाहेर दोन काळी बटणं आणि टॉर्चचा एक इवलासा दिवा. यंत्राला एरियल लागते मापाची. रानात मापाची कुठून आणणार? तिथे तार बांधायची बाभळीला, जशी बसेल तशी. मग यंत्राची आणि त्या वेड्यावाकड्या तारेची समजूत ही पेटी घालायची. बटणं हळूहळू फिरवायची, दिवा सगळ्यात उजळ झाला की जमलं. मग टकटक थेट अकोल्यापर्यंत.

हे सगळं भातकुलीपलीकडे न्यायचं होतं, पावसाच्या आत. गेल्या श्रावणात पेढी नदीला पूर आला, तारेचे खांब आडवे झाले. तिकडे दिलेली बहीण चतुराबाई, तिच्या घरात दोघं तापाने फणफणली आहेत, हे देवमनला पाचव्या दिवशी कळलं. तोवर दोघांतलं एकच उरलं होतं.

राजापेठेबाहेर पेटी न्यायची तर तपासणीचा दाखला हवा, आणि तो देणारे अधिकारी वामनराव. वामनराव सज्जन होते. समतेवर दरवर्षी भाषण करत, आणि देवमनला 'तुम्ही' म्हणत. त्याच्यासाठी खिडकीत कानतुटका खास कपही ठेवलेला होता. चहा झाला की तो ज्याचा त्याने विसळायचा, हा स्वच्छतेचा नियम. हा नियम ज्याला लागू होता असा त्या कचेरीत एकटा देवमन होता.

"सगळं उत्तम आहे," वामनराव म्हणाले. "फक्त रकाना सातवा. 'तपासणी अधिकाऱ्याने यंत्र स्वहस्ते चालवून पाहिले काय?'"

"मग पाहा नं, साहेब. हे बटण फिरवा."

वामनरावांनी हात पुढे केला आणि चष्मा नीट करून मागे घेतला. "शॉक?"

"बटण बॅकेलाइटचं हाय, त्यातून करंट येत नाही. आन् आत्ता तर काहीच जोडलं नाही."

"म्हणजे धोका सध्या सुप्तावस्थेत आहे," वामनरावांनी नोंद केली.

त्याच सकाळी त्यांनी मोर्शीचा पंप स्वहस्ते चालवून पाहिला होता. पंपाची तार उघडी होती. अंगठ्यावर टपोरा फोड आला होता, आणि त्याच अंगठ्याने त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला होता.

रबरी हातमोज्यांसाठी अकोल्याला पत्र गेलं. अठरा दिवसांनी एक मोजा आला, डाव्या हाताचा. डाव्या हाताने सरकारी काम करणं वामनरावांच्या मनाला पटेना. उजवा मागवला. तो आला तेव्हा वामनरावांच्या हाताला सैल झाला. सैल मोज्यातून करंट कुठूनही शिरू शकतो. नत्थुजीच्या हाताला तो चपखल बसला, पण नत्थुजी अधिकारी नव्हता. आणि तसंही त्याने मोजा घालून दाखवल्याबरोबर काढला आणि त्याला अचानक मोठ्या साहेबांच्या गाडीला पाणी घालायचं आठवलं. शेवटी ठराव झाला की यंत्र वेळूच्या काठीने चालवावं. काठीची लांबी सव्वादोन हात ठरली. कमी का नाही, असं कोणी विचारलं नाही.

ज्येष्ठ सरत आला. आभाळ पेढीच्या बाजूला काळं दिसू लागलं, तेव्हा कुठे चाचणीचा दिवस उगवला. कचेरीच्या आवारात निम्मं गाव जमलं. देवमनसोबत त्याची आई केशरबाईही आली होती, लेकीसाठी बांधलेलं गाठोडं काखेत घेऊन. दाखला मिळाला की तसंच भातकुलीला निघायचं होतं.

यंत्र पेटीला जोडलं, तार लिंबाला बांधली. वामनरावांनी काठी पुढे केली. बटण गोल, काठीही गोल. काठी घसरली, पेटी हलली, दिवा लागेना. दहा मिनिटांनी देवमनच म्हणाला, "सरा साहेब, मी दाखवतो." एक हात टकटकीच्या कळीवर, दुसऱ्याने दोन्ही बटणं आळीपाळीने जराजरा फिरवली. दिवा लुकलुकला, पिवळा झाला, मग पांढरा लख्ख. अकोल्याहून चंद्रभानची, त्याच्यासारख्याच एका हौशी यंत्रवाल्याची, टकटक उलट आली: स्पष्ट ऐकू येतं.

टाळ्या कडाडल्या. वामनरावांनीही वाजवल्या.

"अप्रतिम! तुमच्या समाजाला अभिमान वाटावा असं काम," ते म्हणाले. "आता फक्त रकाना सातवा. काठी हा हाताचाच भाग धरावा का, हे वरच्या कचेरीला विचारतो. दिवाळीपर्यंत उत्तर येईल."

"साहेब," केशरबाईने गाठोडं खाली ठेवलं, "तुमच्या अंगठ्याले हा डाग कायचा पडला?"

"पंप तपासताना. किरकोळ."

"भाजलं तरी पंप धरला तुमी. मंग या डब्यानं काय घोडं मारलं?"

"बाई, हा तांत्रिक मुद्दा आहे."

"मले तुमचं तांत्रिक समजत नाही. पन खिडकीतला तो कप मले समजते. डबा माह्या पोरानं बनवला म्हून हात नाही लावून राहिले तुमी. विटाळ होते तुमाले. तसं लिवा नं कागदावर, मी अंगठा देतो खाली."

वामनरावांची लेखणी थांबली. त्यासाठी रकाना नव्हता. देवमनने कळ दाबून धरली होती, दिवा तसाच लख्ख होता, आणि सगळं आवार त्या दिव्याकडे एकटक पाहत होतं, कारण दुसरीकडे कुठे पाहण्याची सोय राहिली नव्हती.

केशरबाई वळली.

"साहेबाचं जाऊ द्या. टाळ्या तर तुमी साऱ्यायनं वाजवल्या. मंग या नं पुढं. कोन लावते हात?"