उकंडा टाक ना बे!

उकंडाचं हसं तुम्ही केलं, साहेब! तालुक्याच्या खुर्चीत बसून फर्मान तुम्हीच काढलं. बोंडअळीनं कपाशी खाल्ली असेल तर शेतकऱ्यानं शेतात उभं राहून फोटो पाठवावा, मगच पंचनामा! आणि पंचनाम्याआधी कपाशी मोडून हरभरा पेरला तर नुकसानीचा पुरावाच गेला!

बोरी अरबच्या उकंडानं बायकोपुढे छाती फुगवली. "असा फोटो धाडतो कांते, साहेब अनवाणी पळत येईन!"

मोबाईलच्या फोटोवर त्याचा भरवसा नव्हता. वाढदिवसाचे फ्लेक्स करणारा घनश्याम कॅमेरा घेऊन शेतात आला. सडकी बोंडं हातात धरून उकंडा रडव्या तोंडानं उभा राहिला.

"भाऊ, दात दिसू द्या! आपल्या फ्लेक्सवर कोणी रडत नाही."

उकंडा हसला. घनश्यामनं दुकानात बसून सवयीनं त्याला गोरं केलं. लागल्या हाती बोंडंही पांढरीशुभ्र केली, दह्याच्या कवडीसारखी! एक अळी वळवळताना दिसत होती, तिच्यावर गुलाब चिकटवला. वर लाल अक्षरांत 'शंभर टक्के नुकसान!' असं टाकून परस्पर तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पाठवून मोकळा!

ऑफिस हसून लोळलं. फोटो कळंबला गेला, मारेगावला गेला. चेहरा तोच, अक्षरं नवी. 'बारावीत पुन्हा नापास!' 'बायको माहेरून परत आली!' फोटोवर लिहून केलेल्या असल्या थट्टेला शहरात मीम म्हणतात. इथं पोरं एकमेकांना म्हणू लागली, "आज एखादा उकंडा टाक ना बे!"

पंचनामा मात्र येईना. शेवटी नवरा-बायको पिशवीभर सडकी बोंडं घेऊन ऑफिसात गेले.

तुम्ही मोबाईल पुढे धरला. "इतकी फर्मास कपाशी, अन् पंचनामा कशाला?"

"घनश्यामनं रंगवली जी!"

"मग घनश्यामच्या दुकानाचा पंचनामा करू?"

पुन्हा खिदळणं. उकंडाचे कान तापले. कांताबाई मात्र खिडकीतून फाटकाकडे पाहत होती. तिथे भलामोठा फ्लेक्स! पांढऱ्याशुभ्र कपाशीत तुम्हीच गोरेपान, सगळे दात बाहेर. वर लाल अक्षरं, 'बोंडअळीमुक्त तालुका!' कोपऱ्यात घनश्यामच्या दुकानाचं नाव.

"साहेब," तिनं विचारलं, "मंग हा कोणाचा उकंडा व्हय जी?"

कोणी हसलं नाही. शिपायाला तेवढा खोकला आला.

हरभऱ्याची पेरणी हातची निघून चालली आहे. उकंडा पिशवी मांडीवर घेऊन अजून तुमच्या बाकड्यावर बसला आहे, आणि या वेळी दात झाकून. बोला साहेब, शेतात कधी येता?