साडेतीन हजारांची शेळी

चूक कुणाकडूनही होऊ शकते, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझा फळा पाहिलेला नाही! बाजार समितीच्या फाटकाशी जो काळा फळा आहे ना, त्यावर रोज सकाळी नऊला कांदा, बटाटा, मका, कोंबडी, शेळी, म्हैस यांचे भाव खडूनं लिहायचे आणि शेजारच्या माइकवरून वाचून दाखवायचे, हे माझं काम. वीस वर्षांत एक शून्य इकडचं तिकडे झालेलं नाही. भाव आज चढतो, उद्या पडतो, पण माझ्या फळ्यावर येताना ओळीतच येतो.

गेल्या महिन्यात समितीनं मला प्रमाणपत्रच दिलं. 'वीस वर्षे बिनचूक भावलेखन.' जाड कागद, सोनेरी किनार, खाली सचिवसाहेबांची सही! मी ते घरी आणलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि फ्रेमवाल्याला फोन करायला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तो काय, सोनेरी किनारीचा शेवटचा तुकडा बाईसाहेबांच्या तोंडात हळूहळू आत सरकत होता.

बाईसाहेब म्हणजे आमच्या सासरेबुवांची शेळी. सासूबाई गेल्यावर सासरेबुवा आमच्याकडे राहायला आले ते एक ट्रंक आणि ही शेळी घेऊन. सासूबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. त्यामुळे तिला बांधायचं नाही, तिच्यावर ओरडायचं नाही, आणि रेडिओ लावायचा तो तिच्या आवडीचा! सासरेबुवा माणसांशी दिवसाकाठी चार वाक्यं बोलतात. तिच्याशी चारशे.

पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. "या घरात एक तर मी राहीन, नाहीतर ही शेळी!" मी ओरडलो आणि वळून पाहिलं, तर दारात सासरेबुवा उभे.

रात्री जेवताना ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, उद्या हिला बाजारात नेतो. सात हजारांच्या वर भाव असेल तर देऊन टाकतो. साताच्या खाली असेल तर परत आणतो. तिचा अपमान नको."

'नको हो बाबा, रागाच्या भरात बोलून गेलो,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण वीस वर्षं बिनचूक राहिलेल्या माणसाच्या तोंडात 'चुकलं' हा शब्द बसत नाही. मी पाणी प्यालो.

हात धुवायला उठलो तसं बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"अहो, शेळी गेली की बाबांचं इथं राहिलं काय? आठ दिवसांत ट्रंक भरतील, बघा तुम्ही!"

"मग मी काय करू?"

"एक शब्द बोला! 'माझं चुकलं' म्हणा!"

"हे दोन झाले."

"अहो!"

"बघतो काहीतरी."

"बघू नका. बोला!"

मी बोललो नाही. कारण तोवर मला त्यापेक्षा सोपी युक्ती सुचली होती. शेळीचा भाव सध्या साडेआठ हजार. पण तो फळ्यावर लिहितं कोण? मी! सासरेबुवा नऊला फाटकातून आत शिरणार, फळा वाचणार, भाव साताच्या खाली दिसला की शेळीसकट आल्या पावली परत! मग फळा पुसायचा आणि खरा भाव लिहायचा. दहा मिनिटांचा तर प्रश्न! एका शब्दावाचून काम होत असेल, तर तो खर्च कशाला करा?

सकाळी नऊला मी मनावर दगड ठेवून लिहिलं: शेळी, साडेतीन हजार. अक्षर मात्र नेहमीसारखं सुरेख आलं. माइकवर वाचताना शेळीपाशी आलो तेव्हा मी जरा खोकलो.

आता इथं मी एक गोष्ट विसरलो होतो. फळ्यासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या मावशी रोज नऊ वाजून पाच मिनिटांनी फळ्याचा फोटो काढतात आणि आसपासच्या अकरा बाजारांच्या ग्रुपवर टाकतात. ही पद्धत पाडली कुणी? मीच! माझं अक्षर अकरा बाजारांनी पाहावं म्हणून! मावशींना फोटो पाठवायला शिकवलं, तेही मीच.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली. सव्वानऊ झाले. सासरेबुवांचा पत्ता नाही. बाईसाहेब वाटेतलं प्रत्येक कुंपण चाखून मगच पुढे सरकतात, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. त्यांच्याऐवजी टकलू दलाल धापा टाकत आला.

"भाऊ, शेळी साडेतीन? काल तर साडेआठ होती!"

"आवक वाढलीय," मी ठोकून दिलं.

"कुठून?"

"बाहेरून."

"किती?"

"बरीच!"

तो गेला. वीस मिनिटांनी परत आला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी लागला.

"भाऊ, आतली बातमी सांगतो. कुणाला बोलू नका. जहाज भरून शेळ्या येतायत!"

"काय सांगतोस!" मी हादरलोच. "कुणाकडून कळलं?"

"खात्रीची आहे. अकराही बाजारांत हेच चाललंय!"

खरं सांगतो, दोन मिनिटं माझाही विश्वास बसला. म्हटलं, सुटलो! आपला भाव खरा ठरला!

तेवढ्यात फाटकाशी आरडाओरडा सुरू झाला. शेळ्या विकायला आलेली मंडळी शेळ्या परत गाडीत चढवत होती. "साडेतीनला देण्यापेक्षा घरी नेऊन बांधीन!" असं म्हणत एकेक गाडी निघाली आणि अर्ध्या तासात आवारात औषधाला शेळी उरली नाही. आणि समोरून घेणारे आत घुसत होते! खाटीक आले, हॉटेलवाले आले, ते समजू शकतो. पण कानावर कंगवा खोचलेला न्हावी आला, बँकेचा कॅशियर आला, पोस्टमन तर पत्रांची पिशवी घेऊनच आला!

"साडेतीनवाली शेळी कुठं आहे हो?" कॅशियरनं मला विचारलं.

"तुम्हाला कशाला हवी?"

"ते नंतर बघू! स्वस्त आहे ना?"

मी घाईघाईनं डस्टर उचललं, साडेतीन पुसलं आणि खरा भाव लिहिला. साडेआठ. वाटलं, आता गर्दी पांगेल.

"चढली!" न्हावी किंचाळला. "तासाभरात पाच हजारांनी चढली! दुपारपर्यंत वीसला जाते बघा!"

झालं! जे नुसती गंमत बघायला आले होते, त्यांनीही पाकिटं काढली. मावशींनी तत्परतेनं दुसरा फोटो टाकला. लगेच शेजारच्या बाजारातून तिथल्या कारकुनाचा फोन.

"भाऊ, तुमच्याकडे चाललंय काय? इथं निम्म्या शेळ्या गाडीतून उतरवल्यात, निम्म्या चढवल्यात. गाडी पाठवू की ठेवू?"

"शेळ्यांनाच विचारा!" म्हणून मी फोन ठेवला आणि वर पाहिलं.

फाटकातून सासरेबुवा येत होते. हातात दोरी, दोरीला बाईसाहेब, बाईसाहेबांच्या तोंडात कुणाच्या तरी कुंपणावरची वेल. अख्ख्या बाजारात एक शेळी आणि तिच्यासमोर साठ गिऱ्हाइकं!

"नऊ हजार, आजोबा!"

"दहा!"

"बारा!" हा पोस्टमन.

शेळी परत जावी म्हणून मी जे काही केलं, त्यानं तिला या बाजारात कधी मिळाला नसेल असा भाव आला होता. टकलू दलालानं मध्ये शिरून दोरी धरली. सासरेबुवा भांबावून उभे होते. त्यांनी एकदा फळ्याकडे पाहिलं, मग खाली वाकले, बाईसाहेबांच्या कानात काहीतरी बोलले आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मला ते पाहवेना.

"अठरा हजार एक वार!" टकलूनं हात वर केला. "अठरा हजार दोन वार..."

समोर माइक होता. कसा पकडला, आठवत नाही.

"बाबा! विकू नका!"

आवारातल्या आठही कर्ण्यांतून माझा आवाज फुटला. "भाव खोटा होता! जहाज-बिहाज काही नाही! तुम्ही परत फिरावं म्हणून मीच खोटा भाव लिहिला! मी रागात बोललो बाबा, माझं चुकलं! ती आपल्या घरातली आहे. आणि तुम्ही ट्रंक भरलीत ना, तर आम्हाला घर खायला उठेल!"

पिंजऱ्यातल्या कोंबड्याही गप्प.

सासरेबुवांनी मान वर करून सगळ्यात जवळच्या कर्ण्याकडे पाहिलं आणि त्यालाच उत्तर दिलं. "जावईबापू, हे काल जेवताना म्हणाला असतात, तर एवढं चालावं लागलं नसतं." मग टकलूच्या हातातून दोरी काढून घेतली. "विकायची नाही."

"वीस देतो!" न्हावी म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून मात्र सचिवसाहेबांनी नीट लक्ष दिलं होतं. मला वर बोलावलं.

"ते प्रमाणपत्र उद्या सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे!"

"साहेब, ते शेळीनं खाल्लं."

"कुठल्या शेळीनं?"

मी खिडकीतून खाली बोट दाखवलं. बाईसाहेब तेव्हा पोस्टमनच्या पिशवीत डोकं घालत होत्या. साहेबांनी बराच वेळ पाहिलं, मग टंकलेखकाला हाक मारली आणि माझ्या हातात नोटीस ठेवली. 'जाणूनबुजून चुकीचा भाव लिहिल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' कागद तितकाच जाड. किनार तेवढी नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेळी आपली निमूट साडेआठवर आली. घरचं वातावरण मात्र कधी नव्हे इतकं तेजीत होतं. बायकोनं न मागता दुसऱ्यांदा चहा दिला. सासरेबुवांनी ट्रंक माळ्यावर टाकायला सांगितली, आणि मी ती इतक्या आनंदानं चढवली की पाठीत चमक भरली.

संध्याकाळी मी नोटीस टेबलावर ठेवून खुलासा लिहायला बसलो. दोन तास झाले, 'माननीय'च्या पुढे गाडी सरकेना. तेवढ्यात बाईसाहेब डुलत डुलत आल्या. मी छताकडे पाहिलं. कोपरानं नोटीस हळूच टेबलाच्या कडेला सरकवली. या वेळी मी एक अक्षर बोलणार नव्हतो!

बाईसाहेबांनी नोटीस हुंगली. एकदा वरून, एकदा खालून. मग तोंड फिरवलं आणि रेडिओपाशी जाऊन बसल्या.

"अहो बाबा, हिला बरं नाही का?" मी विचारलं. "प्रमाणपत्र तर चवीनं खाल्लं होतं!"

सासरेबुवांनी वर्तमानपत्रातून मान वर केली.

"बरं आहे तिला, जावईबापू. खरं लिहिलेल्या कागदाला ती तोंड लावत नाही."