दोऱ्यानं मोजलेली गन

आमच्या अणदुरात मकबूलचाचांकडून गाडीचं चाक बसवून घेतलंत, तर पुढचे दोन-तीन किलोमीटर आरशात बघत जा. मागून एक जुनी मोपेड येताना दिसेल. तिच्यावर पांढरी दाढी, डोक्याला टोपी, आणि डावा हात वर करून "थांबा, थांबा" अशी खूण. घाबरू नका, तुमचं काही पडलेलं नाही. चाचा जवळ येतील, वाकून चाकाच्या एकेका नटाला बोट लावतील आणि "जावा आता, सावकास जावा," म्हणून माघारी फिरतील.

माझ्याही मागे ते एकदा असे आले होते. गाडीत आई होती. तिला वाटलं, मी मजुरी न देताच पळालोय. तिनं मला हायवेवर जे काही सुनावलं, ते ऐकून चाचांनाच माझी दया आली.

मी त्यांचा शेजारी. त्यांच्या गॅरेजला लागून माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, भरतीचे फॉर्म, असली कामं. मध्ये फक्त पत्र्याची भिंत. तिकडे पाना पडला की इकडे माझ्या हातून कुणाची तरी जन्मतारीख चुकते. गॅरेजच्या मागेच चाचांचं घर. तिथं ते आणि रुकय्याचाची, दोघंच. मुलगी सोलापूरला दिली आहे. चाची शेळ्या पाळतात आणि माझ्याशी बोलतात ते बहुतेक "सुधाकर, जेवलास का?" एवढंच.

चाचांचं प्रत्येक वाक्य 'समजा'पासून सुरू होतं. "समजा, एक नट ढिला ऱ्हायला. समजा, म्होरं उतार आला. समजा, त्याच टायमाला समोरून उसाची ट्रॉली आली." एवढं सांगून ते गप्प बसतात. पुढचं आपण समजून घ्यायचं. मी पहिली पाच वर्षं हसलो. सहाव्या वर्षापासून मी स्वतः एसटीत चढायच्या आधी तिच्या चाकाचे नट मोजायला लागलो. बायको म्हणते, तुमच्या केंद्राची भिंत विटांची बांधून घ्या, तिकडचं वारं इकडं येतंय.

मागच्या थंडीत चाचांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. मोपेडची मूठ धरता यायची, पण पान्याला जोर लावायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. दवाखान्यात स्पष्ट सांगितलं, पाना विसरा, नाहीतर आहे तेवढा हातही जाईल. गॅरेजमध्ये निम्मं काम चाकांचं. पाना सोडायचा म्हणजे शटर कायमचं ओढायचं. चाळीस वर्षं या माणसानं दुसरं काहीच केलेलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी एक नवाच नियम काढला. चाक खोलायचं ते गिऱ्हाइकासमोर नाही. गिऱ्हाइकाला समोरच्या हॉटेलात चहाला पाठवायचं, शटर अर्ध्यावर ओढायचं, काम झालं की उघडायचं. डाव्या हातानं चाललेली ओढाताण कुणाला दिसू नये म्हणून असेल, असं मी धरून चाललो. मोपेडवरचा पाठलागही तेव्हापासून वाढला. आधी फाट्यापर्यंत जायचे, आता पार नळदुर्गच्या दिशेनं दिसेनासे होईपर्यंत.

उपाय एकच होता. बॅटरीची गन. मोठ्या गॅरेजमध्ये बघितली असेल तुम्ही, नटाला लावून खटका दाबला की टर्रर्र आवाज होतो आणि जन्माचा गंजलेला नट दोन सेकंदांत हातात येतो. हवेवर चालणारी घ्यावी तर काँप्रेसर लागतो, आणि आमच्याकडची लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून बॅटरीचीच. बकरी ईदला चाचींनी दोन बोकड विकले होते. त्यातले नऊ हजार बाजूला काढलेले. त्याच्या वर एक रुपया नाही.

मग रोज सव्वाअकराला चाचा माझ्याकडे. खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "लाव." मी कॉम्प्युटरवर ऑनलाइन खरेदीचं दुकान उघडायचो.

पहिल्या दिवशी एक गन दिसली, चार हजारांत. मी खूश. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की बॅटरी आणि चार्जर वेगळे. चाचांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच ती विकत होतो. "म्हंजे बैल घ्यायचा आन पाय येगळे घ्यायचे?"

दुसरी स्वस्तातली निघाली. हजार न्यूटन मीटर जोर, असा दावा. चाचा म्हणाले, "एवढ्या पैशात हजार? ह्यो तर ट्रकचा नट खोलंल. खोटं बोलतंय." मग लोकांनी लिहिलेले अभिप्राय. मला फक्त एका ताऱ्याचे वाचायला लावायचे. "पाच तारेवाला सोयरा असतो. तू रडनारा वाच." लुधियानाच्या कुणीतरी लिहिलं होतं की गन चौदाव्या दिवशी बंद पडली आणि दुकानदार फोन घेत नाही. झालं. पुढचा आठवडाभर चाचा आले की आधी विचारायचे, "त्या लुधियानावाल्याचं काय झालं रे? बदलून दिली का त्याला?" मी म्हणायचो, मला काय माहीत. "इच्यारून बघ की. गरीब मानूस असंल." शेवटी मी खोटंच सांगितलं, दिली बदलून. तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण खरी करमणूक दोऱ्याची. चाचांच्या खिशात एक काळा दोरा असायचा, त्याला दोन गाठी. गनचा फोटो लागला की ते दोरा काढून पडद्यावर मुठीच्या जागी धरायचे. मी समजावलं, "चाचा, हा फोटो आहे. मी मोठा केला की मोठा होतो, लहान केला की लहान." करून दाखवलं. ते विचारात पडले. "मग खरी केवढी हाय?" कंपनीनं वजन दिलं होतं, लांबी दिली होती, मुठीचा घेर कुणीच दिला नव्हता. "सगळं सांगत्यात, कामाचं तेवढं न्हाय सांगत," म्हणून दोरा पुन्हा खिशात.

वजन हा दुसरा घोर. "बॅटरी धरून किती?" दोन किलोच्या वर गेलं की मान हलायची. "झटका किती देती? मनगट फिरवती का?" मी त्यांच्या मनगटाकडं बघायचो. खांदा गेला तरी मनगट अजून बाभळीच्या ओंडक्यासारखं. मला कळेना, या माणसाला झटक्याची भीती कशाला? पण विचारून उत्तर मिळेल असा तो माणूस नव्हे, आणि माझ्याकडं दाखल्यांची रांग.

असे चार महिने गेले. मी एकूण सतरा गना त्या कार्टमध्ये टाकल्या आणि सतरा काढल्या. मला झोपेत न्यूटन मीटर दिसायला लागले. शेवटी एका सोमवारी मी केंद्र बंद ठेवलं आणि त्यांना घेऊन सोलापूर गाठलं. म्हटलं, हातात घेऊन बघा आणि काय तो सोक्षमोक्ष लावा.

दुकानदार भला होता. त्यानं बजेट विचारलं आणि दोन गना पुढं ठेवल्या. एक भारदस्त, जोर भरपूर. दुसरी लहान, जोर निम्म्याहून थोडा जास्त. किंमत जवळजवळ सारखी. कुणीही शहाणा माणूस पहिली उचलेल. चाचांनी खिशातून दोरा काढला आणि दोन्हींच्या मुठीला गुंडाळून बघितला. दुकानातली पोरं हसली. मग लहान गन डाव्या हातात धरली, उजव्या हातात धरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. विचारलं, "ह्यानं मोटारीचे नट खुलतील ना? गंजलेले?" दुकानदार म्हणाला, "मोटारीचे खुलतील चाचा. ट्रकला ही चालणार नाही. आणि शेवटचं आवळणं हातानंच करा." "ते तर करनारच. पन समजा, एखादा न्हाईच खुलला." दुकानदार म्हणाला, "मग ही मोठी घ्या." चाचांनी मोठीकडं बघितलं, दोऱ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "इच्यार करून सांगतो."

माझा संताप झाला. परतीच्या एसटीत मी बोलू नये ते बोललो. "तुम्हाला घ्यायचीच नाही. तुम्हाला फक्त भ्यायचंय. बसा शटर ओढून, एक दिवस कायमचंच ओढा!" आजूबाजूच्या चार माना वळल्या. अणदूर आल्यावर चाचा फक्त "तुझा दिवस गेला माझ्यामुळं," एवढं म्हणाले आणि उतरले.

त्यानंतर तीन दिवस सव्वाअकरा वाजले, पण खुर्ची रिकामी. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग नाही वाटलं. चौथ्या दिवशी दुपारी खंडोबाच्या दर्शनाला आलेली एक जीप गॅरेजमध्ये शिरली होती, माणसं हॉटेलात. शटर अर्ध्यावर. माफी मागावी म्हणून मी गेलो आणि हाक मारायला वाकलो.

आत जीपचं चाक होतं, नटाला एल पाना लावलेला. त्या पान्याच्या दांड्यावर रुकय्याचाची उभ्या होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात चाचांचे बूट. एक हात चाकावर, दुसरा हात चाचांच्या डाव्या खांद्यावर. चाचा गुडघ्यावर बसून त्या खांद्याचा त्यांना टेकू देत होते.

"आहिस्ता. समजा पाव फिसला तो?"

"चुप बैठो जी. जोर तो लगाने देव."

चाचींनी दांड्यावर एक उडी मारली. कट्कन आवाज आला, नट सुटला आणि त्या लटपटल्या. चाचांनी धरलं. दोन्ही हातांनी, दुखणाऱ्याही. मी तिथंच ओणवा. मला मागं सरकायचं सुचलं नाही, आणि चाचांनी मला बघितलं.

त्यांनी मला आत ओढलं नाही की हाकललं नाही. बाहेर आले, ओट्यावर माझ्याशेजारी बसले.

"धा महिने झाले," ते म्हणाले. "माज्यापेक्षा सरळ आवळती ती. पन लोकांना कळलं की बाईच्या हातचे नट हायत, तर कोन गाडी आनंल? आन समजा, एखादा ढिला निघाला. मला म्हनतील, म्हातारा झाला. तिला काय म्हनतील? म्हनून जातो मागं. तिच्या कामात खोट न्हाय रे. तिच्यावर बोट यायला नको."

मग खिशातून दोरा काढून माझ्या हातात दिला. "तिची मूठ हाय ही. निजलेली असताना मापली. सव्वादोनची बांगडी बसती तिला. ती मोठी गन तिला उचलंल का? आन लहानीनं नट न्हाय खुलला तर तिला पुन्हा दांड्यावर चढायचं. मागल्या हप्त्यात पडली ती. सांगत न्हाय, पन लंगडती."

मला माझीच लाज वाटली. चार महिने मी या माणसाच्या भीतीला हसत होतो, आणि ती भीती त्याची स्वतःसाठी नव्हतीच. मी उठलो, केंद्रात आलो, सोलापूरच्या दुकानदाराला फोन लावला. लहान गन, दोन बॅटऱ्या, आणि गनच्या तोंडाला लावून नटावर बसवायच्या काळ्या गोट्या. साध्या चकचकीत गोट्या तिच्या दणक्यानं फुटतात, हे एवढ्या महिन्यांत मलाही पाठ झालं होतं. किंमत बजेटच्या थोडी वर जात होती. काळ्या गोट्या फुकट आल्या, असं मी चाचांना सांगितलं. लुधियानाच्या खोट्यानंतरचं हे माझं दुसरं.

गन आली त्या दिवशी चाचांनी ती तीन वेळा चार्ज केली. समजा, पहिल्यांदा नीट झाली नसली तर! दुसऱ्या दिवशी बेंबळीची एक मोटार आली. चालक चहाला निघाला, तेव्हा चाची आतून बाहेर आल्या आणि त्यांनी शटर वर ढकललं, पूर्ण वर. चाचांच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्याही. हॉटेलातली माणसं कप हातात घेऊन रस्त्यापर्यंत आली. चालक म्हणाला, "ह्या खोलनार?"

चाचींनी गन नटाला लावली. टर्रर्र. पहिला नट निघाला. दुसरा, तिसरा. चौथा गंजलेला होता. गन नुसती ओरडत राहिली. चाचा ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होते, मी मनात खंडोबाला नारळ बोलून टाकला. मग तोही फिरला. चालक म्हणाला, "आयला, लई भारी." एवढंच. माणसं पुन्हा चहाकडं वळली. चाचींनी चाक बदललं, नट बसवले, शेवटी हातानं पाना फिरवून एकेक आवळला.

मला वाटलं, आता चाचा नाचतील. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले, तिच्याकडं बघत.

"सुधाकर," ते हळूच म्हणाले, "समजा, आता तिला माजा खांदा लागलाच न्हाय तर?"

मोटार सुरू झाली आणि हायवेला लागली. चाचा जागचे हलले नाहीत. त्यांना आता मागं जायचं कारण राहिलं नव्हतं, शटर उघडंच होतं, सगळ्यांनी बघितलं होतं.

चाची हात पुसत बाहेर आल्या. मोपेडजवळ गेल्या, गन पिशवीत घातली आणि मागच्या सीटवर बसल्या.

"अवो, उभं काय ऱ्हायला? गाडी फाट्याला गेली असंल. चौथा नट बघायचाय मला."

चाचा घाईघाईनं गेले आणि त्यांनी मोपेड सुरू केली. मी ओट्यावरून बघत होतो. अणदुराबाहेर पडेपर्यंत चाचींचा हात चाचांच्या डाव्या खांद्यावर होता.